इंजिन पाणसळीत नसतं, नसावंही

जुनी गाडी ठरावीक वेगाला थरथरू लागली की वऱ्हाडात पहिला संशय इंजिनाच्या बैठकीवर जातो. बॉनेट उघडतं, टॅपेट कव्हरवर पाणसळ टेकवली जाते, बुडबुडा पुढच्या बाजूला सरकलेला दिसतो आणि निदान झालंच म्हणून समजा: "इंजन लेवलमंदी नाही भाऊ, मांगून दबलं हाये." मग गिअरबॉक्सच्या फौंडेशनखाली पत्ती जाते, एकीनं भागलं नाही तर दोन जातात, बुडबुडा मधोमध येतो आणि गाडी मालकाच्या ताब्यात दिली जाते. अमरावती, अकोला, अचलपूर, मूर्तिजापूर, कुठंही जा. अॅम्बॅसडर, पद्मिनी किंवा जुनी महिंद्रा जीप सांभाळणाऱ्या माणसानं हा उपचार पाहिलेला असतो. अलीकडे हौशी मंडळींच्या हाती मोबाइलमधली पाणसळ आली आहे. आकडा आता दशांशापर्यंत दिसतो, उपचार मात्र तोच आहे.

हे मत मला मुळातच अमान्य आहे. इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, अशा रचनेच्या गाडीत इंजिन सहसा मुद्दाम मागे उतरतं बसवलेलं असतं. बुडबुडा पुढे सरकणं हे तिथं दुखण्याचं लक्षण नाही, ती त्या गाडीची मूळ ठेवण आहे. शिवाय पाणसळ जे दाखवते ते पृथ्वीच्या संदर्भात; गाडीच्या कुठल्याच भागाशी त्या आकड्याचा संबंध नसतो. तपासायची गोष्ट वेगळी आहे. गिअरबॉक्समधून बाहेर पडणारी रेषा आणि मागच्या आसाच्या हाउसिंगमधल्या पिनियनची रेषा एकमेकींना समांतर आहेत का, हा खरा प्रश्न. त्या दोन्ही रेषा जमिनीशी किती कलल्या आहेत याला फारसं महत्त्व नाही.

खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण तो अडाणीपणातून आलेला नाही. त्याच्यामागे या मुलखातला यंत्रांचा जुना अनुभव आहे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात वऱ्हाडच्या कापसाला भाव आला, १८६७ मध्ये रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली, आणि पुढच्या काळात इथं जिन-प्रेस उभे राहत गेले. जिनातला लांबच लांब लाइनशाफ्ट आणि त्यावरून फिरणारे पट्टे हे सगळं पाणसळीत आणि ओळंब्यात असावंच लागे. शाफ्ट एका टोकाला जरा खाली असला की पट्टा सरकायचा, बेअरिंग तापायचं. त्यानंतर पिठाच्या गिरणीचं आणि विहिरीवरच्या पंपाचं ऑइल इंजिन आलं. तेही सिमेंटच्या ओट्यावर, चारही बोल्ट कसून, पाणसळ लावूनच बसवायचं. माझ्या मते मोटारीच्या इंजिनाला पाणसळ लावण्याची सवय तिथूनच आली. एका जागी बसलेल्या यंत्राचा तो नियम शंभर टक्के बरोबर होता. चूक झाली ती तो चालत्या गाडीला लावण्यात.

पूर्वपक्षाचे तीन मुद्दे ठळक आहेत. इंजिन कललं तर कार्बोरेटरमधल्या फ्लोटची पातळी बिघडते. संपमधलं ऑइल मागे साचतं आणि पंप कोरडा पडतो. क्रँकशाफ्ट मागे सरकून थ्रस्ट बेअरिंगवर रेलतो. तिन्ही मुद्दे ऐकताना पटतात, म्हणून एकेक घेऊ.

फ्लोट आणि ऑइल यांचा विचार एकत्रच होतो, कारण दोन्ही द्रवाच्या पृष्ठभागाच्या गोष्टी आहेत. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायला लागलो की १६-१७ ला १ असा चढ लागला तरी गाडी सुमारे साडेतीन अंश मागे कलते, आणि वळणावर त्याहून जास्त. साध्या ब्रेकचा हिशेब तर याहून मोठा. गुरुत्वाकर्षणाच्या तीन दशांश इतक्या जोरानं गाडी मंदावली तरी संपमधल्या ऑइलचा पृष्ठभाग जवळजवळ १७ अंश तिरपा होतो. मागे उतरत्या तीन-चार अंशांनी ऑइलपंप कोरडा पडत असता तर एकही अॅम्बॅसडर चिखलदऱ्याला पोहोचली नसती. ऑइलची पट्टी आणि पंपाची जाळी ठरवताना कारखान्यानं बसवणीचा कोन आधीच जमेस धरलेला असतो. कार्बोरेटरचंही तेच. अशा अनेक गाड्यांत मॅनिफोल्डवरची कार्बोरेटरची बैठक इंजिनाच्या कलाच्या उलट कोनात छिललेली असते, म्हणजे इंजिन मागे उतरतं बसलं की कार्बोरेटर आपोआप सपाटीत येतो. अशा गाडीचं इंजिन ओढूनताणून पाणसळीत आणलं तर कार्बोरेटर पुढे झुकतो. फ्लोटच्या काळजीनं केलेला उपचार फ्लोटलाच बाधतो.

थ्रस्ट बेअरिंगचा मुद्दा आकड्यांतच मिटतो. तीन अंशांच्या उतारावर क्रँकशाफ्टच्या वजनाचा साधारण विसावा हिस्सा मागे ओढ देतो. वीस किलोचा क्रँक धरला तर तो भार एक किलोचा. क्लच दाबताना त्याच बेअरिंगवर येणारा जोर याच्या कित्येक पट असतो, आणि तो सोसण्यासाठीच ते बेअरिंग तिथं दिलेलं असतं.

मग इंजिन कलतं ठेवतात कशासाठी? गिअरबॉक्सचं तोंड वर आणि मागचं हाउसिंग खाली, त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट मागे उतरतच जातो. इंजिनही त्याच दिशेला थोडं उतरतं ठेवलं की पुढच्या जॉइंटला कमी मोडावं लागतं, आणि गाडीच्या तळाचा उंचवटाही कमी उंचीत भागतो. यात आणखी एक फायदा सहज मिळतो. हेडचा पुढचा भाग, जिथं थर्मोस्टॅट असतो, तो सर्वांत उंच राहतो, म्हणून पाण्यातली हवा तिथून रेडिएटरकडे निघून जाते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना हेडच्या मागच्या कोपऱ्यात हवेचा फुगा अडकून राहणं परवडणारं नाही. इंजिन मागून उचलून बसवणारा माणूस ही सोयही घालवून बसतो.

आता जॉइंटकडे येऊ, कारण सगळं प्रकरण तिथंच आहे. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतो, चार बोटांचा. ही युक्ती जुनी आहे आणि रॉबर्ट हूकच्या नावानं ओळखली जाते. तिच्यात एक अंगभूत दोष आहे. जॉइंट कोनात असला की एका बाजूचा शाफ्ट अगदी एकसारखा फिरत असूनही दुसऱ्या बाजूचा तसा फिरत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन ३ अंशांचा असेल तर हा चढउतार हजारी दीडहून कमी. १० अंशांचा झाला की शेकडा दीड. कोन तिप्पट-चौपट झाल्यावर दोष दहापट होतो, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. या दोषावर उतारा म्हणजे दुसरा जॉइंट. तो पहिल्याइतक्याच कोनात बसवला आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉसला धरणारे काटे, एका सरळीत ठेवले, की पहिल्यानं केलेली गतीची गडबड दुसरा पुसून टाकतो. शाफ्ट स्वतः धावत-रेंगाळत राहतो, पण पिनियनला मिळणारी गती एकसारखी असते. हे साधण्यासाठी गिअरबॉक्सची रेषा आणि पिनियनची रेषा समांतर लागतात. सपाट असण्याची अट यात कुठंच येत नाही.

पत्ती घातली की काय होतं ते एका उदाहरणानं पाहू. गाडी चाकांवर उभी आहे आणि सगळे कोन मागे उतरते मोजले आहेत. इंजिनाची रेषा ४ अंश, शाफ्ट ६ अंश, पिनियनची रेषा ४ अंश. म्हणजे पुढच्या जॉइंटचा कोन २, मागच्याचाही २. गाडी मुळातच बरोबर आहे. पण पाणसळ ४ अंश दाखवते, म्हणून मिस्त्री गिअरबॉक्सच्या शेपटाखाली २० मिलिमीटरचं पॅकिंग देतो. पुढच्या फौंडेशनपासून शेपटापर्यंतचं अंतर ८० सेंटिमीटर धरलं तर इंजिन सुमारे १.४ अंशांनी उठतं आणि २.६ वर येतं. शाफ्टचं पुढचं टोकही त्याबरोबर २० मिलिमीटर वर जातं. शाफ्ट १३० सेंटिमीटरचा असेल तर त्याचा उतार ६ वरून ६.९ होतो. आता पुढच्या जॉइंटचा कोन ४.३, मागच्याचा २.९. दोघांचं जमत नाही, आणि जी गडबड शिल्लक राहते ती एकच जॉइंट ३.२ अंशांत चालल्याइतकी असते. आधी ती शून्य होती. बुडबुडा मात्र मध्याकडे सरकलेला दिसतो, म्हणून काम सुधारल्याचं समाधान मिळतं.

हा दोष ओळखायला लोक चुकतात याला एक कारण आहे, आणि मला ते या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. अॅम्बॅसडरचं पेट्रोल इंजिन घ्या, १४८९ सीसीचं, ओळीत चार सिलिंडरचं. अशा इंजिनात जात्याच एक थरथर असते, क्रँकच्या एका फेऱ्याला दोनदा. जॉइंटची थरथर शाफ्टच्या एका फेऱ्याला दोनदा. टॉप गिअरमध्ये गिअरबॉक्स थेट जोडलेला असतो, म्हणून क्रँक आणि शाफ्ट एकाच वेगानं फिरतात. शाफ्ट मिनिटाला २५०० फेरे घेत असेल तर दोन्ही थरथरी मिनिटाला ५००० च्या, कानाला आणि बुडाला एकसारख्याच लागणाऱ्या. सीटवर बसलेल्या माणसानं इंजिनाला दोष दिला तर त्याची फारशी चूक नाही. निवाडा करायचा तर रिकाम्या सरळ रस्त्यावर थरथरीच्या वेगाला जाऊन गिअर न्यूट्रलला टाकावा आणि ॲक्सिलरेटर सोडावा. इंजिन खाली आलं तरी थरथर गाडीच्या वेगाबरोबरच राहत असेल तर इंजिनाच्या बैठकीकडे बघण्याचं कारण उरलं नाही. शाफ्ट, क्रॉस, हाउसिंग, चाकं यांच्याकडे वळावं. गाडी उभी असताना रेस केल्यावर थरथरते आणि चालताना शांत होते, असं असेल तर फौंडेशनचं रबर पाहावं. या चाचणीला पैसे लागत नाहीत, तरी ती सहसा कुणी करत नाही.

पाणसळीवरचा माझा दुसरा आक्षेप या मातीशी जोडलेला आहे. वऱ्हाडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात, तिचा जोर आणखी. घरांच्या भिंती तडकतात तिथं गॅरेजची फरशी सपाट कशी राहणार? वर धुण्याचं पाणी वाहून जावं म्हणून नालीकडे उतार मुद्दाम दिलेला असतो, तो वेगळा. फरशीला एक अंशाचा उतार असला तर डोळ्याला कळतही नाही, पण तो सगळाच्या सगळा इंजिनावरच्या आकड्यात मिसळतो. गाडीचं तोंड आत करून मोजलं की एक आकडा, बाहेर करून मोजलं की दुसरा. ज्या मापात गाडी फिरवल्यावर दोन अंशांचा फरक पडतो, त्याच्या भरवशावर फौंडेशन हलवणं मला गैर वाटतं.

म्हणून मोजायचं ते गाडीच्या अंगाशी तुलना करून. जीपला चेसिस आहे, तिची सरळ पट्टी संदर्भ म्हणून चालते. अॅम्बॅसडरला वेगळं चेसिस नाही, बॉडीच भार घेते. तिथं दाराखालची सिल धरावी, मात्र ती गंजून बसलेली नाही हे आधी पाहावं. तोच संदर्भ घेऊन बाकीचे आकडे घ्यायचे. टॅपेट कव्हर ही पत्र्याची वस्तू, कॉर्कच्या पॅकिंगवर कसलेली. तिच्यावर भरवसा ठेवू नये. क्रँकच्या पुलीचा पुढचा सपाट चेहरा रेषेशी काटकोनात असतो, तिथं कोनमापक उभा लावला की इंजिनाची रेषा मिळते. शाफ्टचा कोन नळीवर, बॅलन्ससाठी डकवलेला तुकडा टाळून. पिनियनचा कोन त्याच्या फ्लँजवर. गाडी चाकांवर उभी हवी आणि स्प्रिंगच्या पाट्यांवर नेहमीचा भार हवा. जॅकवर उचलून हाउसिंग लोंबकळतं ठेवून घेतलेले आकडे फेकून द्यावेत.

पाट्यांबद्दल थोडं अधिक सांगितलं पाहिजे. टॅक्सीला किंवा माणसं वाहणाऱ्या जीपला इथं सर्रास एक पाटा वाढवून देतात. गाडी मागून उचलली जाते, हाउसिंगचा कोन आणि शाफ्टचा उतार दोन्ही बदलतात, आणि मग थरथर सुरू झाली की दोष इंजिनाला. शिवाय ओढीच्या वेळी पाटे पिळवटतात आणि पिनियनचं नाक वर उठतं, म्हणून पिनियन उभ्या गाडीत समांतरपेक्षा एखाद अंश खाली ठेवण्याची पद्धत आहे. त्यासाठी पाटा आणि हाउसिंग यांच्यामध्ये लोखंडी पाचर देतात. कोन चुकला असेल तर दुरुस्तीची जागा बहुधा ही असते. गिअरबॉक्सखालची पत्ती नव्हे.

योकचा दोष तर पाणसळीला दिसणं शक्यच नाही. क्रॉस बदलताना शाफ्टचा सरकता जोड निघतो, आणि तो परत घालताना एखाद-दोन दातांनी फिरून बसला की दोन्ही टोकांचे योक एका सरळीत राहत नाहीत. मग कोन कितीही बरोबर असू देत, दुसरा जॉइंट पहिल्याची गडबड नीट पुसत नाही, आणि जोड काटकोनात फिरून बसला तर ती दुप्पट होते. अनेक शाफ्टांवर जुळवणीसाठी बाणाच्या खुणा ठोकलेल्या असतात, पण ग्रीस आणि मातीच्या थराखाली त्या कुणी शोधत नाही. जोड उघडण्याआधी खडूची एक रेघ ओढली असती तर इंजिनाला हात लावायची वेळच आली नसती.

पूर्वपक्षाला मी एक गोष्ट मान्य करतो. आडवी पातळी, म्हणजे डावी-उजवी, तपासायला पाणसळ उपयोगी आहे. अॅम्बॅसडरचं इंजिन उभं आहे, त्यामुळे ते बॉडीच्या आडव्या रेषेशी जुळलेलं असावं. ऑइल झिरपून आणि उन्हानं एका बाजूचं रबर बसलं की इंजिन त्या अंगाला कलतं. पण हाही नियम सगळ्या गाड्यांना लावता येत नाही. पूझो ४०४ मध्ये इंजिन ४५ अंशांत आडवं कललेलं आहे, क्रायस्लरच्या प्रसिद्ध सहा सिलिंडरच्या इंजिनात ३० अंशांत. कारखान्यानं ते तसंच बसवलं.

दुसऱ्या टोकाचा एक गट अलीकडे तयार झाला आहे, त्यालाही उत्तर द्यायला हवं. इंजिन मागे कलतं असतं हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून ते प्रत्येक गाडीला ३ अंश लावू पाहतात. आकडा पाठ केल्यानं पाणसळीची चूक सुटत नाही. शून्याच्या जागी तीन आला, एवढंच. जीपचा मागचा शाफ्ट अगदी आखूड, तिथं थोड्या उंचीनं कोन झपाट्यानं वाढतो. पद्मिनीचा शाफ्ट दोन तुकड्यांचा, मध्ये सेंटर बेअरिंग. त्या बेअरिंगचं रबर खचलं की कोनांचा सगळा हिशेब बदलतो, म्हणून तिथं मोजायची तुकड्यांची संख्याच वेगळी. आणि कोन अगदीच नाहीसा करणंही बरं नाही. क्रॉसच्या टोप्यांतल्या सुया फिरत्या राहायला निदान अर्धा-एक अंश लागतो. शाफ्ट काटेकोर सरळ ठेवला तर सुया एकाच जागी भार घेत राहतात आणि क्रॉसच्या बोटांवर खाचा पडतात.

कुणी म्हणेल, इतकी वर्षं पाणसळीनं लावलेल्या गाड्या चालल्याच ना? चालल्या, कारण कोन लहान असले तर जॉइंट बरंच सोसतो आणि त्या गाड्या ताशी ६०-७० च्या पलीकडे क्वचित जात. किंमत दुसरीकडे मोजावी लागली: वरचेवर बदललेले क्रॉस, गळणारं पिनियनचं सील, गिअरबॉक्सच्या शेपटाचं घासलेलं बुश. हे खर्च वेगवेगळ्या वेळी आल्यामुळे त्यांचा पत्तीशी संबंध कुणी लावला नाही.

जुलै २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे वेगळे नियम आले आहेत, आणि सत्तरच्या दशकातल्या पद्मिनी आणि अॅम्बॅसडर आता एकेक करून त्या वयात येत आहेत. एमएच २७ आणि एमएच ३० च्या, म्हणजे अमरावती-अकोल्याच्या, हद्दीतही घरातली जुनी गाडी मोडीत न देता उभी करू पाहणारे आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: इंजिन उतरवण्याआधी सिल, इंजिन, शाफ्ट आणि पिनियन यांचे चार आकडे घ्या आणि लिहून ठेवा, जुन्या पत्त्या फेकू नका, कुठली कुठून निघाली ते त्यांच्यावर लिहा. कारखान्यातून आलेल्या काही पत्त्या मुळातच तिथं असायच्या होत्या. पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलेल्या गाड्यांत मूळ आकडा मिळणारच नाही. तिथं फौंडेशन कुणीतरी वेल्डिंग करून बनवलेलं असतं, इंजिन वजनदार असल्यानं गाडीचं नाक खाली गेलेलं असतं, आणि स्टीअरिंगला जागा देण्यासाठी ते एका अंगाला सरकवलेलंही असू शकतं. त्यामुळे शाफ्टला पडणारा आडवा कोन कुठलीच पाणसळ दाखवत नाही. गिअरबॉक्सच्या आणि पिनियनच्या मध्यातून ओळंबे सोडून फरशीवर दोरीनं रेषा काढाव्या लागतात. अशा गाडीत सुरुवात पिनियनपासून करावी, पाटे आधी नीट करून घ्यावेत, आणि इंजिनाची बैठक सर्वांत शेवटी, पिनियनच्या रेषेला समांतर अशी ठरवावी.